मिक्सरमागचा माणूस
तंजावरजवळ तिरुवय्यारूला पौष वद्य पंचमीला कावेरीकाठी शेकडो गायक कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या पंचरत्न कृती एकत्र गातात. यंदा माझी नजर खिळली ती मिक्सरवाल्यावर. मृदंग चढला की फेडर केसभर खाली, माइकने शीळ घालायच्या आत बोट हजर! तंजावरचे आपले मराठी राजे दुसरे सरफोजी यांच्या काळात (१७९८-१८३२) त्यागराज इथेच गात होते, तेही माइकविना. असो. साउंडच्या या धंद्यात टिकतो तो महागड्या स्पीकरवाला नव्हे, कान शाबूत राखणारा. उत्सव मोजक्या दिवसांचा. एरवी लग्नं, देवळं, शाळांचे हॉल आणि तुटक्या केबलींना डाग देणं, यावरच चूल पेटते. ॲडव्हान्स मात्र आधीच घ्यावा. अक्षता पडल्या की यजमान पंगतीत सापडतो, हिशेबाला नाही.