घराण्याची वही

दिवाळीला भिवंडीतील व्यापारी घरांत चोपडापूजन होते. नव्या वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते. पैपैचा हिशेब राखणाऱ्या याच घरांत ‘पणजोबा या गावी कधी आले?’ असे नातवाने विचारले, की सर्वांच्या नजरा आजीकडे वळतात. आजी आहे तोवर उत्तर मिळते.

घराण्याचा वृत्तान्त कसा लिहावा, याचा आदर्श एका जैन व्यापाऱ्यानेच घालून दिला आहे. १५८६ मध्ये जन्मलेल्या कविवर बनारसीदास यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे पद्यमय आत्मचरित्र रचले. त्यात त्यांनी आजोबा मूलदास यांचाही वृत्तान्त दिला. पुढे जवाहिराचा व्यापार करणारे वडील खरगसेन येतात. नवाबाच्या छळामुळे कुटुंबाला जौनपूर सोडावे लागते. स्वतःचा बुडालेला व्यापार, आग्र्यात उधारीच्या कचोऱ्यांवर काढलेले दिवस, नऊही अपत्यांचा वियोग, यांतील काहीही त्यांनी झाकले नाही. म्हणून चार शतकांनंतरही ते पान विश्वासार्ह वाटते.

आज हे काम एकट्याने होणारे नाही. जामनगर परिसरातील ५२ गावांच्या हालारी विसा ओसवाळ समाजाचेच पाहावे. त्यातील काही कुटुंबे भिवंडीत व मुंबईत आली. काही १८९९ पासून केनियात आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थिरावली. अशा घराण्यात छायाचित्र एका गावी असते आणि त्यातील माणसे ओळखणारी आत्या दुसऱ्या देशी.

चातुर्मासात नातेवाईक एकत्र येतात, तेव्हा आरंभ करावा. ज्येष्ठांनी सांगावे, मुलांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे, सुनांनी व लेकींनी नोंदी तपासाव्यात. जुन्या वह्यांतील अक्षर वाचू शकणारे आजोबा असतील, तर ते वाचन प्रथम करून घ्यावे. छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे लिहावीत. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळत नसतील, तर सांगणाऱ्याच्या नावासह दोन्ही नोंदवाव्यात. दिवाळे, भाऊबंदकी, अकाली मृत्यू यांनाही जागा द्यावी. पुढच्या पिढीला संकटात आधार त्याच पानांचा मिळतो.

वंशावळींत पित्यामागून पुत्र येत गेले. दुकान अडचणीत असता दागिने काढून देणाऱ्या स्त्रियांची नावे बहुधा राहून गेली. म्हणून या वहीतील पहिली नोंद आजीचे माहेरचे नाव आणि गाव हीच असावी. तिला आजच विचारावे.