शीड वेळीच आखडावे

उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगरच्या परिसरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. याच खाडीत सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजे बांधली गेली. आज मात्र येथील विद्यार्थ्याला पाणी भेटते ते केवळ पुराच्या रूपाने. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील हजारावर प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी होड्याच आणाव्या लागल्या, हे विसरता येणार नाही.

शिडाची होडी हाकणे हा धनिकांचा षोक नव्हे. ते विवेकाचे शिक्षण आहे. वारा चढला की नवशिका शिडाची दोरी घट्ट बांधून टाकतो आणि होडी कलताच सुकाणूशी झटू लागतो. मग होडी उलटते. जाणता नावाडी किनारा सोडण्यापूर्वीच शीड आखडतो, दोरी हाती ठेवतो आणि झोत येताच ती सैल सोडतो. उलटलेली होडी सोडून पोहत निघणे ही तर सर्वांत घातक चूक. दिलीप दोंदे यांची २००९-१० मधील एकाकी जगप्रदक्षिणा अशा शिस्तीवाचून घडली नसती.

पावसाळा सरल्यावर शांत पाण्यात, अंगात तरंगजाकीट घालून, हे शिक्षण देण्याची सोय येथील पालिकांनी व महाविद्यालयांनी करावी. पाण्याला भिणे सोपे असते. त्याचा मान राखणे मात्र शिकावेच लागते.