काईनाच्या कपाळावरील खूण

एखाद्या कोवळ्या जिवावर अमानुष अत्याचार झाल्याचे वृत्त येते आणि ‘नराधमांना फासावर लटकवा’ असा पुकारा गल्लोगल्ली उठतो. मिस्साबलिदानाहून परतणारी आपली माणसेही त्यात सूर मिसळतात. त्यांचा संताप आम्हांला समजतो. त्यांचा निष्कर्ष मात्र आम्हांला मान्य नाही.

‘ख्रिस्तसभेनेच पूर्वी देहदंड मान्य केला होता ना?’ असे विचारले जाते. होय, केला होता. पोपच्या राज्यात १८७० पर्यंत शिरच्छेद होत असत. परंतु शुभवर्तमानाचे आकलन काळाबरोबर सखोल होत जाते. व्हॅटिकनच्या कायद्यातील देहदंड १९६९ साली पोप सहावे पॉल ह्यांनी रद्द केला. समाजरक्षणासाठी तो अपरिहार्य ठरावा असे प्रसंग जवळजवळ उरलेलेच नाहीत, असे पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९५ च्या विश्वपत्रात सांगितले. २०१८ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी धर्मशिक्षण ग्रंथात दुरुस्ती करून तो अग्राह्य ठरविला. भ्रूणहत्येविरुद्ध बोलताना जीवन पवित्र मानायचे आणि फाशीची गोष्ट निघताच ते पावित्र्य विसरायचे, हा दुटप्पीपणा श्रद्धावंताला शोभत नाही.

न्यायाधीशही माणूसच असतो. महाराष्ट्रात २००३ साली घडलेल्या दरोडा, खून व बलात्काराच्या प्रकरणात नाशिकच्या न्यायालयाने २००६ साली सहा जणांना फाशी सुनावली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी तीच शिक्षा योग्य ठरविली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. ती भटक्या जमातीतील गरीब माणसे होती. मधल्या दहा वर्षांत दोर आवळला गेला असता, तर भरपाई कोणाच्या थडग्यावर ठेवली असती?

गुन्हेगार मोकाट सुटावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याला कोंडून ठेवण्यास कारागृहे समर्थ आहेत. देवाने काईनाला शिक्षा केली, तशी त्याचा कोणी जीव घेऊ नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. क्रूसावरील चोराला तर अखेरच्या घटकेस नंदनवन लाभले. पश्चात्तापाची ती घटका कोणासाठी केव्हा येईल, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पीडित कुटुंबाच्या दारी जा, खटल्याच्या लांबलचक वर्षांत त्यांच्या पाठीशी उभे राहा. त्यांना आधाराचे हात हवे आहेत. ते हात दोर ओढण्यात गुंतवू नका.