विद्यार्थी पुढारी आणि शेतकऱ्याचा हंगाम

मृग नक्षत्र लागलें म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या गांवोगांवीं कॉलेजांतील विद्यार्थ्यांचीं पथकें दिसूं लागतात. त्यांच्या अग्रभागीं बहुधा एखादा उत्साही विद्यार्थी पुढारी असतो. तो चावडीपुढें बोलतो, दहा-पांच रोपें लावतो, शेतकऱ्यांस सुधारित शेतीच्या चार गोष्टी सांगतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत येतें. या उत्साहाची थट्टा करण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. शिकणारा तरुण शेतीकडे वळून पाहूं लागला, ही गोष्ट इष्टच आहे. परंतु तो गांवांतून परतल्यावर तेथील शेतकऱ्याच्या पदरांत काय उरलें, हें विचारल्यावांचून त्याच्या पुढारीपणाचें मोल ठरवितां येणार नाहीं. आणि तोच प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

साधनांची उणीव आहे असें कोणीं म्हणूं नये. राष्ट्रीय सेवा योजना गांधीशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचें ग्रामशिबिर असा तिचा प्रघात आहे. शेतकी कॉलेजांतून याहून खोल व्यवस्था आहे. १९९२ सालच्या रंधावा समितीच्या शिफारशीनंतर ग्रामीण कृषि कार्यानुभव हा पदवीच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी त्यासाठीं खेड्यांत शेतकऱ्यांच्या सहवासांत काम करतात. त्यांसच लोक कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. मराठवाड्यासाठीं परभणीस कृषि विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें, आणि त्याचें कृषि विज्ञान केंद्र आपल्या तुळजापुरास आहे. तात्पर्य, योजनांचा तोटा नाहीं. तोटा आहे तो हंगामभर टिकणाऱ्या चिकाटीचा.

या चिकाटीचा कित्ता आमच्याच जिल्ह्यांत घातला गेलेला आहे. असहकारितेच्या काळांत, १९२० सालीं, सोलापुरास शिकत असलेल्या व्यंकटेश खेडगीकर यांनीं सरकारी शाळा सोडली. पुढें टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत शिक्षण पुरें करून व ना. म. जोशी यांच्याजवळ कामगार चळवळीचा अनुभव घेऊन ते १९२९ सालीं त्या वेळच्या निजामी राज्यांतील हिप्परगा या खेड्यांत आले. तेथें १९२१ मध्यें राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिचें मुख्याध्यापकपण त्यांनीं पत्करिलें, आणि सुमारें सहा वर्षें ते तेथें राहिले. हेच पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. हिप्परग्याची शाळा कांहीं शेतकीची शाळा नव्हती, हें खरें. पण गांवचीं मुलें शिकवावयाचीं तर गांवांतच बिऱ्हाड केलें पाहिजे, हा तिचा धडा शेतीसही तितकाच लागू आहे. सात दिवसांच्या शिबिरानें ओळख होते. विश्वास जडावयास वर्षें लागतात.

एक साधें उदाहरण घेऊं. सोयाबीन हें आपल्या जिल्ह्याचें खरिपाचें मुख्य पीक. २०२० सालीं मराठवाड्यांत ठिकठिकाणीं सोयाबीन उगवलेंच नाहीं. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली, आणि तक्रारी इतक्या झाल्या कीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास आपण होऊन त्यांची दखल घ्यावी लागली. निकृष्ट बियाणें विकणाऱ्यांस शासन झालें पाहिजे, हें उघडच आहे. परंतु शेतकऱ्याच्या हातांतही एक उपाय आहे. सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक असते. पोतें उंचावरून आदळलें तरी उगवण बिघडते. म्हणून पेरणीपूर्वीं शंभर दाणे मोजून, दहा-दहांच्या ओळींनीं ओल्या गोणपाटांत ठेवून तें गुंडाळावें, सावलींत ओलसर राखावें, आणि पांच-सहा दिवसांनीं मोड मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बीं पेरण्याजोगें. थोडे कमी असतील तर त्या मानानें बियाणें वाढवावें, आणि फारच कमी असतील तर तें बीं वर्ज्य करावें. यास यंत्र लागत नाहीं कीं पैसा लागत नाहीं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, हा दुसरा नियमही असाच बिनखर्ची आहे; त्यासाठीं गांवांत एक पर्जन्यमापक आणि रोज सकाळीं त्याची नोंद ठेवणारा एक माणूस असला म्हणजे झालें.

आतां हें काम एका भाषणानें होणारें नव्हे. त्यासाठीं मे महिन्याच्या अखेरीस घरोघर फिरावें लागतें, आणि पेरणीनंतर उगवण पाहावयास पुन्हा जावें लागतें. ज्या विद्यार्थी पुढाऱ्यानें आपल्या सोबत्यांकडून शंभर घरचें बियाणें असें तपासून घेतलें, त्यानें शंभर कुटुंबांच्या हंगामाची राखण केली, असें आम्ही म्हणूं.

आमच्या व्यापारी वाचकांनीं हा विषय आपला नव्हे असें समजूं नये. दुबार पेरणीच्या वेळीं बियाण्याची दुसरी पिशवी खपते, हा लाभ वरवरचा आहे. ती पिशवी पुष्कळदां उधारीवर जाते, आणि पीक बुडालें कीं ती उधारी वहींतच राहते. कापडवाला, सराफ, किराणेवाला या सर्वांचा दिवाळीचा बाजार शिवारांतच पिकत असतो. २०२५ च्या सप्टेंबरांत भूम व परंडा या भागांत महापूर आला, शेतांतील माती खरवडून गेली, तेव्हां पेठेसही या नात्याची जाणीव झालीच असेल.

येथें एक दोष स्पष्ट सांगणें भाग आहे. विद्यार्थ्यांचें पथक गांवांत गेलें म्हणजे तें बहुधा मोठ्या बागाइतदाराच्या वाड्यावर उतरतें, आणि त्याच्याच शेतांत प्रात्यक्षिक होतें. बटाईनें कसणारा त्या बैठकींत येत नाहीं. खुरपणी करणाऱ्या बाया तर दारापलीकडेच राहतात. १९९३ च्या भूकंपानंतर याच भागांत काम करूं लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें शेतकरी स्त्रियांस घरच्या जमिनींपैकीं एखादा एकर मागून घेऊन त्यांत अन्नधान्य व भाजीपाला पिकविण्याचा मार्ग दाखविला, आणि २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक तिला मिळालें. ज्या स्त्रियांस एक एकर हातीं येतांच इतकें करतां आलें, त्यांस सभेंत सतरंजीच्या टोकाशींही जागा न देणारा कार्यक्रम सुधारणेचा कसा म्हणावा?

कोणी म्हणतील, विद्यार्थ्यानें आपला अभ्यास सांभाळावा. शेतीच्या निमित्तानें राजकारण कॉलेजांत शिरेल. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु राजकारण शिरतें तें व्यासपीठावरून, बियाण्याचे मोड मोजतांना नव्हे. ज्या कामाचा हिशेब आंकड्यांत देतां येतो, त्यांत पोकळ पुढारीपणास वाव कमी असतो.

म्हणून आमच्या सूचना थोडक्या आहेत. प्रत्येक कॉलेजानें एकच गांव तीन वर्षें धरावें आणि जुन्या तुकडीनें आपली नोंदवही नव्या तुकडीच्या हवालीं करावी. तींत पाऊस, बियाण्याची उगवण आणि विहिरींची पातळी लिहिली जावी, व दिवाळीनंतर ती ग्रामसभेंत वाचून दाखवावी. प्रात्यक्षिकांपैकीं निदान अर्धीं बटाईदारांच्या व स्त्रियांच्या शेतांत व्हावीं. बियाण्याच्या दुकानदारांनीं पक्की पावती लॉट क्रमांकासह द्यावी, आणि गिऱ्हाइकास पिशवीवरची खूणचिठ्ठी जपून ठेवावयास सांगावें. यांतील एकाही गोष्टीस सरकारच्या नव्या हुकुमाची वाट पाहावयास नको.

पुढारी होऊं इच्छिणाऱ्या तरुणास आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, गांवांत तुमचें स्वागत कसें झालें हें आम्हांस कळवूं नका. पुढील वर्षीं तुम्ही त्याच गांवीं पुन्हा गेलां कीं नाहीं, आणि शेतकऱ्यानें आपण होऊन आपलें बीं तुमच्यापुढें मोजावयास आणलें कीं नाहीं, हें कळवा. तें वृत्त छापावयास आम्ही आनंदानें जागा देऊं.