वय झालं म्हणू नका, खांदा बघा



आपल्याकडे बाईच्या दुखऱ्या खांद्यावर तीन औषधं मिळतात. "वय झालं", "आता आराम करा" आणि "अशातावेदनीय कर्माचा उदय". तिन्ही फुकट, तिन्ही कुणीही देतं, आणि तिन्हींमुळे एकाही बाईचा हात वर गेलेला मी पाहिलेला नाही.

माझं वय ६७. राहात्यात पेरूच्या बागांच्या कडेने रोज सकाळी फिरते, घरातला स्वयंपाक अजून माझ्याकडे आहे, उन्हाळ्यात पापड-कुरडयांना मीच बसते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोरीच्या उंबऱ्याशी पाय घसरला आणि उजव्या खांद्यावर आपटले. एका दवाखान्यात एक्स-रे झाला. हाड शाबूत होतं, म्हणून "काही झालेलं नाही, या वयात एवढं चालायचंच" असं सांगून घरी पाठवलं. इकडे मला अंबाडा घालता येईना, पदर खांद्यावर टाकता येईना, मांडणीवरचा डबा काढायला सुनेला हाक मारावी लागे. रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. याला "काही झालेलं नाही" म्हणतात का?

एक्स-रेत हाड दिसतं. खांदा मात्र हाडावर कमी आणि स्नायूंवर जास्त टिकून असतो. बशीत लिंबू ठेवावं तसा तो सांधा, खोबण उथळ आणि गोळा मोठा. चार स्नायूंच्या दोऱ्या चारी बाजूंनी ओढून धरतात म्हणून गोळा जागेवर राहतो. पडल्यावर यातली दोरी फाटली तर एक्स-रेला तिचा पत्ताच नसतो. ती बघायला सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. म्हणून स्वच्छ एक्स-रे हातात देऊन कुणी वाटेला लावलं तर पुढचा प्रश्न विचाराच.

घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते. तुम्हाला स्वतःला हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्याने अलगद धरून उचलला तर जातो, तर दोरी फाटल्याचा संशय घ्या. तुम्हीही नेऊ शकत नाही आणि दुसऱ्यालाही नेता येत नाही, मध्येच अडतो, तर सांधा आखडला असण्याची शक्यता जास्त. हे निदान नव्हे, डॉक्टरांना सांगायची खूण आहे. पडल्यानंतर एकदम हात उचलेनासा झाला तर महिनोन् महिने लेप लावत बसू नका; फाटलेलं शिवायचं असेल तर लवकर शिवलेलं बरं असतं. (आणि डाव्या खांद्यात कळ येऊन घाम सुटला, दम लागला तर खांद्याचा विचार सोडा, हृदयाकडे धावा.)

आखडलेला खांदा हा तर खास आपला पाहुणा. चाळिशी ते साठीत, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि मधुमेह असेल तर आणखी जास्त. आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. यात वर्ष-दोन वर्षंही जातात. त्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव १९३४ साली बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जननी दिलं. लंबकासारखा हात झुलवायचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखतात. चांगला हात ओट्यावर टेकून वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग हलवून त्याला छोटे गोल घ्यायला लावायचे. दुसरा व्यायाम भिंतीचा. बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, पोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर माझ्या खुणा आहेत, रंगारी आला तरी मी पुसू दिल्या नाहीत.

आणि ज्या म्हणतात "घरकाम हाच आमचा व्यायाम", त्यांनी पोळ्या लाटताना आपला हात बघावा. छातीसमोर, खांद्याच्या खाली, तेच ते शंभरदा. याने खांदा झिजतो, मोकळा होत नाही. आराम तर त्याहून वाईट. महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला की साधं दुखणंही आखडून बसतं. आपल्या तालुक्यातच, लोणीला, प्रवरेचं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. शिर्डीला जाणाऱ्या पाहुण्यांना गाडी मिळते, तशी बाईला व्यायाम शिकायला आठवड्यातून दोनदा मिळायला काय हरकत आहे?

सचिनच्या खांद्यावर २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा घराघरात काळजी होती. त्याच्या पूर्वभवाचा विषय कुणी काढला नाही.

आता कर्माचं. मीही प्रतिक्रमण करणारी बाई आहे, कर्म मानते. पण आपल्या धर्मात कार्याला पाच समवाय सांगितले आहेत: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ. यातलं एकच धरून बसणं हे मिथ्यात्व, असं सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात मांडलं. मग बाईचं दुखणं आलं की पाचातलं पूर्वकृत तेवढं कसं आठवतं? पांजरपोळातली गाय लंगडली तर आपण उदय म्हणून हात जोडत नाही. डॉक्टर बोलावतो आणि देणगीची पावती फाडतो. नगरला आचार्य आनंदऋषीजींच्या नावाने आपल्याच समाजाने हॉस्पिटल उभं केलं. नुसतं भोगायचंच होतं तर ते बांधलं कशाला?

कुणी म्हणतं, सहन करणं हेही तप. कायक्लेश बाह्य तपात आहे, खरं. पण तो समजून, स्वेच्छेने घ्यायचा असतो. औषधाला पैसे मागायला संकोच वाटतो म्हणून दाबून ठेवलेली कळ त्यात बसत नाही. आभ्यंतर तपात वैयावच्च आहे, ते मात्र घरातल्या सासूसाठी, जावेसाठी, सुनेसाठी कुणी मोजत नाही.

वंदनेचंही बोलते. तिक्खुत्तोला तीन आवर्तनं, मग पंचांग टेकवून उठायचं, तेही हातावर भार देऊन. दुखऱ्या खांद्याला हे सर्वांत अवघड. मी गेलं वर्षभर खुर्चीवर बसून, झेपेल तेवढा हात फिरवून वंदना केली. मागून "आजकाल सगळ्यांना खुर्च्या लागतात" असं ऐकू आलं. द्रव्यवंदना आणि भाववंदना हा फरक प्रवचनात शेकडो वेळा ऐकणाऱ्यांच्याच तोंडून!

प्रवचनाला मी जिथे जिथे गेले, तिथे पुरुषांच्या बाजूला भिंतीशी खुर्च्यांची रांग असते आणि आपल्या बाजूला दोन-तीन, त्याही हात नसलेल्या प्लॅस्टिकच्या. या चातुर्मासाआधी आपापल्या गावच्या विश्वस्तांकडे जा आणि बायकांच्या बाजूला दहा तरी खुर्च्या मागा. हात असलेल्या, चांगला हात टेकून उठता येईल अशा. एकटीने जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा.