पाण्याची काटकसर करा, पण घशाची नको

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या वर्षी पावसाने दगा दिलेला असतो, त्या वर्षी थंडीबरोबर आपली निश्चिंतीही पळते. याच सुमारास, फेब्रुवारी संपता संपता, भारतीय हवामान खाते मार्च ते मे या तीन महिन्यांच्या तापमानाचा अंदाज जाहीर करते. उन्हाळ्याचा असा अंदाज देण्यास २०१६ साली सुरुवात झाली. आपण तो वर्तमानपत्रात वाचतो, ‘यंदा ऊन कडक दिसते’ असे म्हणतो आणि पान उलटतो. दुष्काळी वर्षी मात्र हा अंदाज आरोग्याची आगाऊ नोटीस समजून वाचला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण साधे आहे. जमिनीत ओल असली की उन्हाची बरीचशी शक्ती त्या ओलीची वाफ करण्यात खर्च होते. ओलच नसली की तीच उष्णता हवा तापवते. म्हणून ज्या वर्षी विहिरी लवकर आटतात, त्या वर्षी झळाही लवकर लागतात. दुसरीकडे, उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यातले ऊन सोसणारा धडधाकट गडीसुद्धा मार्चमध्ये अचानक पारा चढला तर चक्कर येऊन पडतो. मैदानी भागात तापमान ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढले की उष्णतेची लाट मानली जाते. तो इशारा थोडेच दिवस आधी हाती येतो. तेवढ्या दिवसांत ना शरीर तयार होते, ना गाव.

२०१६ साली आपल्या मराठवाड्याने हे भोगले आहे. लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली ती १२ एप्रिलला, म्हणजे पाडवा होऊन गेल्यावर. तोवर उन्हाळा ऐन भरात आला होता.

अशा दिवसांत घरोघरी पाण्याची काटकसर सुरू होते आणि ती योग्यच आहे. परंतु तिची पहिली कात्री चालते ती पिण्याच्या पाण्यावर. जी बाई दोन-दोन खेपा करून हंडे वाहते, तीच घरात सर्वांत कमी पाणी पिते. आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटही न घेणाऱ्या मजूर स्त्रिया कमी नाहीत. पुढे लघवीची जळजळ, मूतखडा, चक्कर या तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात येतात. भांड्यांचे पाणी झाडांना घाला, अंघोळ बादलीऐवजी तांब्यांवर आणा, पण घशाशी काटकसर करू नका. लघवी गडद पिवळी झाली की शरीर पाणी मागते आहे असे समजावे. लहान मुले आणि म्हातारी माणसे तहान लागली तरी सांगत नाहीत, म्हणून त्यांना आपणहून पाणी द्यावे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण पन्हे देतो. त्यातला गूळ, मीठ आणि पाणी हेच या ऋतूचे औषध आहे.

दुसरी बाब पाण्याच्या शुद्धतेची. तळाशी गेलेल्या विहिरीचे आणि टँकरचे पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीन टाकून अर्धा तास थांबल्यावरच प्यावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हा चमचा म्हणजे चहाचा छोटा चमचा. साठवलेल्या पाण्याची पिंपे घट्ट झाकावीत, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग चटका बसावा असे तापले, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर ओले कापड फिरवून वारा घालावा आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

परंतु सगळा भार घरातल्या बाईवर टाकून चालणार नाही. टँकर भर दुपारी बारा वाजता येतो आणि साऱ्या गल्लीला रांगेत उभे राहावे लागते, ही व्यवस्था नव्हे. हवामानाचा अंदाज आला की त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीने तो चावडीवर वाचून दाखवावा. टँकरची वेळ सकाळची किंवा सायंकाळची ठरवावी. मजुरीची कामे दुपारी १२ ते ४ बंद ठेवावीत, कामाच्या जागी सावली आणि पाण्याचा रांजण असावा. बसथांब्यावर पाणपोई बसवावी, उपकेंद्रात जलसंजीवनीची पाकिटे आहेत का हे पाहून घ्यावे. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती वेळेवर हालचाल.

अंदाज हा अंदाजच असतो, तो कधी चुकेलही. चुकला तर भरलेला रांजण वाया जात नाही. बरोबर ठरला आणि आपण हातावर हात ठेवून बसलो, तर मात्र त्याची किंमत घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला मोजावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या वाडवडिलांनी दुष्काळ पाहूनच सांगितले आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय आपण स्वतः उठून मांडावा, एवढीच वाचकांना विनंती.