दंडाची गर्जना, सवलतींची खैरात

वातानुकूलन यंत्रे बनवणाऱ्या कॅरियर कंपनीने इंडियानापोलिसचे काम मेक्सिकोत नेले, तर तिच्या मालावर ३५ टक्के कर लादू, अशी गर्जना डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ च्या प्रचारात केली. प्रत्यक्षात काय घडले? दंड दूरच, इंडियाना राज्याने कंपनीच्या पदरात ७० लाख डॉलरच्या सवलती टाकल्या. (राज्यपाल कोण, तर ट्रम्प यांचेच भावी उपाध्यक्ष माईक पेन्स!) नोकऱ्या वाचल्याचा जयघोष झाला. नवी गुंतवणूक यंत्रांवर होईल आणि त्यातून रोजगार घटतील, हे कंपनीप्रमुखांनी मात्र लपवले नाही. जुलै २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात पाचशेहून अधिक कामगारांच्या हाती नारळ आला. त्यांचे काम मॉन्टेरीला गेले. आणि हे सारे त्या गाजलेल्या करारात बसणारेच होते.